माणूस कुठे आहे, ते दाखवा : रिट याचिकेची वाट

डिसेंबरातली रात्र, साडेदहा वाजले होते. फोनवर माझ्याच तालुक्यातला एक पोरगा. "वकीलताई, अक्काला आन् दाजींना मुकादमानं कोंडून ठेवलंय. लेकरंबी तिथंच हायेत."

बीड जिल्ह्यातल्या माणसाला यापुढचं फार सांगावं लागत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. हे दोघे नगर जिल्ह्यातल्या एका टोळीत गेले होते. धाकटं लेकरू तापाने फणफणलं म्हणून गावी निघाले, तर मुकादमाने मोबाइल काढून घेतले आणि चौघांना शेतातल्या एका खोलीत बसवलं. उचल फिटल्याशिवाय हलायचं नाही. भाऊ पोलीस ठाण्यात गेला, तर तिथे त्याला सांगितलं की हा देण्याघेण्याचा मामला आहे, आम्ही यात पडत नाही.

मी त्याला म्हटलं, "वही घे आणि एक ओळ लिही. कोण, कधीपासून, कुठे, कोणाच्या ताब्यात." त्याने लिहिलं : माझी बहीण, दाजी आणि त्यांची दोन लेकरं ९ तारखेच्या सकाळपासून अमक्या शिवारात तमक्याच्या ताब्यात आहेत, त्यांना घरी येऊ देत नाहीत. दुसऱ्या दिवशी औरंगाबाद खंडपीठात जी याचिका दाखल झाली, तिचा गाभा ही एवढी एक ओळ होती. बाकीची पानं तिला आधार द्यायला.

मी या खंडपीठात सोळा वर्षं वकिली करते. माझे आईवडीलही कोयताच होते. रिट हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती मोठ्या लोकांची, मोठ्या शहरांची गोष्ट वाटली होती. तसं नाही, हे मला सांगायचं आहे, आणि नुसतं सांगायचं नाही तर ती कशी करायची तेही लिहायचं आहे. हे वाचून कोणी स्वतःच वकील होणार नाही. पण वकिलाकडे जाताना काय घेऊन जायचं, काय विचारायचं आणि जाण्याआधी काय करून ठेवायचं हे कळलं, तर निम्मं काम होतं.

पाच प्रश्न

राज्यघटनेच्या मराठी आवृत्तीत रिटला 'प्राधिलेख' म्हटलं आहे. कोर्टात मात्र सगळे रिटच म्हणतात. न्यायालय सत्ता हाती असलेल्या माणसाला एक प्रश्न विचारतं आणि उत्तर बरोबर नसेल तर हुकूम करतं, एवढा त्याचा अर्थ. प्रश्न पाच आहेत.

माणूस कुठे आहे? त्याला समोर आणा आणि कोणत्या कायद्याने ठेवलंय ते सांगा. हे देहोपस्थिती, म्हणजे हेबिअस कॉर्पस. कायद्याने तुमच्यावर टाकलेलं काम का केलं नाही? करा. हे महादेश, मँडॅमस. हा विषय तुमच्या अधिकारात नाही, मग पुढे का चालला आहात? थांबा. हा प्रतिषेध. निर्णय दिलात, तो कसा दिलात? कागद इकडे पाठवा, चुकीचा असेल तर रद्द करतो. हे प्राकर्षण, सर्शिओरारी. आणि या सार्वजनिक पदावर तुम्ही कोणत्या अधिकाराने बसला आहात? हे क्वाधिकार, को वॉरंटो. शाळेच्या पुस्तकांत बंदी प्रत्यक्षीकरण, परमादेश, उत्प्रेषण, अधिकारपृच्छा अशी नावं आढळतील, गोष्ट तीच.

नावं पाठ नसली तरी चालतं. नाव चुकलं म्हणून याचिका फेटाळली जात नाही, कारण कलम २२६ मध्ये 'आदेश, निदेश किंवा प्राधिलेख' असे शब्द आहेत आणि न्यायालय प्रसंगाला साजेसा आदेश घडवू शकतं. प्रश्न मात्र चुकता कामा नये. माझ्याकडे येणाऱ्या दहा माणसांपैकी बरेच जण "माझ्यावर अन्याय झाला" एवढंच सांगतात. अन्याय झाला असेल, पण कोणी काय करायला हवं होतं आणि काय केलं, हे एका ओळीत बसेपर्यंत मी पुढचं पान लिहायला घेत नाही.

दिल्ली की संभाजीनगर

दारं दोन आहेत. कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालय, कलम २२६ खाली उच्च न्यायालय. कलम ३२ हा स्वतःच मूलभूत हक्क आहे. ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी या तरतुदीला घटनेचा आत्मा आणि घटनेचं हृदय म्हटलं. हक्क कितीही लिहिले, पण ते मोडले तर जायचं कुठे हे लिहिलं नाही, तर ते कागदावरच राहतात, ही त्यामागची जाण.

या दाराचा सुरुवातीचा एक मोठा उपयोग मुंबईहून निघणाऱ्या एका साप्ताहिकासाठी झाला. 'क्रॉस रोड्स' हे रोमेश थापर यांचं साप्ताहिक. मद्रास सरकारने त्याला राज्यात बंदी घातली, थापर थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. आधी उच्च न्यायालयात जा, असा आक्षेप निघाला. मे १९५० मध्ये न्यायालयाने तो फेटाळला आणि बंदीही रद्द केली.

तरीही मी पक्षकाराला बहुतेक वेळा उच्च न्यायालयाचाच रस्ता दाखवते. सर्वोच्च न्यायालय आज बऱ्याच प्रकरणांत 'आधी उच्च न्यायालयात जा' असंच सांगतं. आणि कलम २२६ ची झेप जास्त आहे : ते मूलभूत हक्कांसाठी तर आहेच, शिवाय 'अन्य कोणत्याही प्रयोजनासाठी' आहे. पेन्शन, शाळेची मान्यता, ग्रामपंचायतीचा ठराव, भूसंपादनाचा मोबदला हे सगळं त्या तीन शब्दांत येतं. एक गोष्ट आधीच नीट समजून घ्या. एका दारात गुणदोषावर निकाल लागून हरलात, तर तोच प्रश्न घेऊन दुसऱ्या दारात जाता येत नाही. १९६१ च्या दरियाव प्रकरणापासून हे पक्कं आहे. उच्च न्यायालयाच्या निकालावर अपील होतं, नवी याचिका होत नाही.

कोणत्या खंडपीठात जायचं हे घटना कुठे घडली आणि ज्याच्याविरुद्ध मागायचं ते कार्यालय कुठे आहे यावर ठरतं. मराठवाड्यातले जिल्हे, शिवाय अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार आमच्याकडे. विदर्भाला नागपूर. गोव्याचं खंडपीठ पर्वरीला. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाला कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, त्यामुळे सांगलीच्या माणसाला आता मुंबईची रात्रगाडी पकडावी लागत नाही. दाव्याचं कारण अंशतः जरी त्या हद्दीत घडलं असेल तरी तिथे याचिका चालते. १९६३ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने ही सोय झाली.

माणूस ताब्यात असेल तेव्हा

कोयत्याच्या त्या प्रकरणात भाऊ रात्रीच्या एसटीने निघाला. आधार कार्डं, चौघांचा लग्नातला एक फोटो, पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जाची प्रत एवढं त्याच्याजवळ होतं. सकाळी प्रतिज्ञापत्र झालं, फौजदारी रिट याचिका दाखल झाली, सरकारी वकिलांना प्रत दिली आणि दोन न्यायमूर्तींच्या पीठासमोर तातडीची म्हणून मेन्शन केली. पीठाने दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवली. त्या रात्रीच पोलिसांची गाडी त्या शिवारात पोचली. दुसऱ्या दिवशी चौघे कोर्टात होते. न्यायमूर्तींनी तिला मराठीतच विचारलं, "ताई, तुम्हाला कुठे जायचं आहे?" ती म्हणाली, "घरला." तेवढं नोंदवून याचिका निकाली निघाली. उचलीचे पैसे हा वेगळा वाद. पण पैशासाठी माणूस अडवून ठेवायला कोणताही कायदा परवानगी देत नाही. कलम २३ सक्तीच्या मजुरीला मनाई करतं आणि वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ पासून आहे.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. देहोपस्थितीची याचिका ताब्यातल्या माणसानेच करावी लागत नाही, नातेवाईक किंवा मित्रही करू शकतो. आणि ती फक्त पोलिसांविरुद्ध नसते, खासगी माणसाने कोंडलं असेल तरीही चालते, मात्र पोलिसांना पक्षकार करायचं, कारण शोधून आणायचं काम त्यांचं.

पोलिसांनीच नेलं असेल तर घड्याळ हा तुमचा पहिला साक्षीदार. कलम २२ सांगतं की अटक केलेल्या माणसाला कारण सांगायचं, वकील भेटू द्यायचा आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं. म्हणून किती वाजता नेलं, कोणी पाहिलं, गाडी कोणती होती, हे लगेच लिहून काढा. ठाण्यात लेखी अर्ज द्या. घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना ई-मेल करा आणि स्पीड पोस्टही टाका. अर्जात एक ओळ आवर्जून घाला : या या दिवसाचं सीसीटीव्ही चित्रण जतन करावं. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आणि चित्रण अठरा महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष ठेवण्याचा आदेश दिला आहे. त्या एका ओळीने ठाण्यातलं वागणं बदलताना मी पाहिलं आहे.

पण मॅजिस्ट्रेटने कायद्याप्रमाणे कोठडी दिली असेल तर हा रस्ता सहसा बंद होतो, तिथे जामीन मागायचा. वकिलाने हा फरक सांगितला नाही तर तुम्ही विचारा, कारण चुकीच्या याचिकेत गेलेला आठवडा आत बसलेला माणूस भोगतो.

रुदल साह हे नाव मी प्रत्येक नव्या ज्युनिअरला सांगते. बिहारमधला माणूस. १९६८ मध्ये कोर्टाने निर्दोष सोडला आणि तुरुंगाबाहेर आला १९८२ मध्ये. चौदा वर्षं विनाकारण आत. देहोपस्थितीची याचिका सुनावणीला येईपर्यंत तो सुटला होता, म्हणून सरकारला वाटलं विषय संपला. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये, सरकारने आधी दिलेल्या पाच हजारांशिवाय, आणखी तीस हजार रुपये भरपाई द्यायला लावली. रक्कम आज क्षुल्लक वाटेल. पण मूलभूत हक्क मोडला तर रिटमध्येच पैसे मागता येतात, ही वाट तिथून पडली. माणूस सुटला तरी याचिका मागे घेण्याची घाई करू नका, ते यासाठी.

आणि २८ एप्रिल १९७६ ही तारीखही विसरू नका. आणीबाणीत देशभरातली अनेक उच्च न्यायालयं स्थानबद्धांच्या याचिका ऐकत होती. सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर प्रकरणात चार विरुद्ध एक अशा बहुमताने ती दारं लावून घेतली. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले, आणि पुढच्या वर्षी ज्येष्ठता डावलून त्यांचं सरन्यायाधीशपद गेलं. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनंतर आणीबाणीतही कलम २० आणि २१ स्थगित करता येत नाहीत. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने स्वतः चुकीचा ठरवायला मात्र ऑगस्ट २०१७ उजाडावं लागलं.

काम करत नाहीत तेव्हा : आधी निवेदन

सर्वांत जास्त याचिका महादेशाच्या असतात, आणि सर्वांत जास्त फसतातही त्याच. फसण्याचं कारण कोर्टात नसतं, ते कार्यालयाच्या आवक टेबलावर असतं.

जिल्हा परिषद शाळेतल्या एका शिक्षकांच्या पत्नी माझ्याकडे आल्या. काका वारले त्याला पाच वर्षं झाली होती, कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं नव्हतं. पंचायत समिती म्हणे फाइल जिल्ह्याला पाठवली, जिल्हा म्हणे त्रुटी काढून परत पाठवली. मी विचारलं, "काकू, तुम्ही काय दिलंत त्यांना?" म्हणाल्या, "दर महिन्याला जाऊन हात जोडते." पाच वर्षांतल्या त्या साठ फेऱ्यांचा एकही कागद नव्हता.

न्यायालय महादेश देताना बघतं : तुमचा कायदेशीर हक्क काय, त्या अधिकाऱ्याचं कर्तव्य काय, तुम्ही मागितलं का, आणि त्यांनी नाकारलं किंवा गप्प बसले का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे निवेदन. ते एका पानाचं असावं. वर पदनाम, नाव नको, कारण माणूस बदलतो आणि खुर्ची राहते. पहिल्या परिच्छेदात घडलं ते तारखांसह. दुसऱ्यात कोणत्या नियमाने किंवा शासन निर्णयाने हक्क आहे ते, शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख लिहून. तिसऱ्यात नेमकी मागणी. "योग्य ती कार्यवाही व्हावी" असं लिहू नका, कारण फाइल पुढच्या टेबलावर सरकवली तरी ती कार्यवाहीच ठरते. "कुटुंब निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव मंजूर करून थकबाकीसह अदा करावे" असं लिहा. शेवटी, तीस दिवसांत निर्णय लेखी कळवावा. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह गोल शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा.

सोबत माहिती अधिकारात एक अर्ज टाका : माझ्या अमुक तारखेच्या निवेदनावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींच्या प्रती. काकूंच्या बाबतीत या अर्जाचं उत्तर आलं आणि त्यात दिसलं की त्रुटी म्हणून परत आलेली फाइल दोन वर्षं एका कपाटात होती. त्रुटी काय, तर जन्मतारखेच्या दाखल्याची साक्षांकित प्रत. याचिकेला जोडलेलं ते एक पान दहा पानांच्या युक्तिवादाला भारी पडलं.

उशीर इथे पैशात मोजला जातो. रिटला कायद्यात ठरावीक मुदत नाही, पण विनाकारण झोपलेल्याला न्यायालय हात देत नाही. पेन्शनसारखा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय असेल तर याचिका चालते, तरी थकबाकी बहुधा याचिकेआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. तार्सेम सिंग प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं सांगितलं आहे. काकूंची दोन वर्षं अशीच जायच्या बेतात होती. आम्ही त्यांच्या फाइलमधला तो परत आलेला कागद दाखवून म्हटलं की चूक कार्यालयाची आहे, आणि पूर्ण थकबाकी मिळाली. सगळ्यांनाच मिळेल असं नाही.

हेही पाहून घ्या की दुसरं दार आधी ठोठवायला हवं का. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला सेवाविषयक तक्रारीसाठी आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना मॅट नाही, म्हणून काकू थेट आल्या. पर्यायी उपाय असताना थेट आलात तर उच्च न्यायालय परत पाठवू शकतं. सूट चार ठिकाणी मिळते, १९९८ च्या व्हर्लपूल निकालात ती सांगितली आहे : मूलभूत हक्काचा प्रश्न असेल, ऐकून न घेता निर्णय दिला असेल, अधिकार नसताना दिला असेल, किंवा कायद्याच्याच वैधतेला आव्हान असेल.

निर्णय चुकीचा असेल तेव्हा

जून-जुलैत आमच्याकडे पोरांची रांग लागते. जात पडताळणी समितीने दावा फेटाळलेला, प्रवेशाची मुदत चार दिवसांवर. महाराष्ट्राच्या २००१ च्या २३ क्रमांकाच्या अधिनियमात, कलम ७ च्या पोटकलम २ मध्ये, समितीचा आदेश अंतिम आहे आणि त्याला आव्हान फक्त कलम २२६ खाली उच्च न्यायालयात, असं लिहिलं आहे. म्हणजे या मुलांना रिट हा पर्याय नाही, एकमेव रस्ता आहे.

इथे मागणी प्राकर्षणाची. न्यायालय समितीच्या जागी बसून सगळा पुरावा पुन्हा तोलत नाही. ते बघतं की समितीने महत्त्वाचा कागद वगळला का, ऐकून घेतलं का, कायद्याची कसोटी चुकीची लावली का. म्हणून वकिलाकडे जाताना नुसता आदेश नेऊ नका. दक्षता पथकाचा अहवाल, त्याला दिलेलं उत्तर, आजोबांचा शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाला वैधता मिळाली असेल तर ती आणि वंशावळ. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच ठाकूर जमातीच्या प्रकरणात सांगितलं की आप्तभाव चाचणी ही जमात ठरवण्याची शेवटची कसोटी नाही. नवरात्रीत कोणता देव पुजता, लग्नात कोणता विधी करता, यावर दोन पिढ्या शहरात राहिलेल्या मुलाचं भवितव्य ठरवलं जायचं, ते मी जवळून पाहिलं आहे. तो निकाल वाचला त्या दिवशी आमच्या बार रूममध्ये कितीतरी जणांनी जुन्या फाइली पुन्हा उघडल्या.

प्रतिषेधाबद्दल एवढंच. सुनावणी चालू आहे आणि ती घेण्याचा अधिकारच नाही, तर निकालाची वाट न पाहता थांबवा. निकाल लागल्यावर प्राकर्षण.

क्वाधिकाराचं वैशिष्ट्य असं की तो मागणाऱ्याचं स्वतःचं नुकसान झालेलं असावं लागत नाही. पद सार्वजनिक असावं आणि नेमणूक कायदा मोडून झालेली असावी. २१ सप्टेंबर २००१ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तमिळनाडूच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री जयललिता यांची नेमणूक याच प्रश्नावर रद्द केली : शिक्षा झाल्यामुळे निवडणूक लढवायला अपात्र असलेली व्यक्ती मुख्यमंत्रीही होऊ शकत नाही. पण गावातल्या भांडणाचा वचपा काढायला सरपंचाविरुद्ध हा अर्ज आणणारे येतात. त्यांना मी नाही म्हणते.

याचिका कशी लिहितात, आणि कोर्टात काय ऐकू येतं

सुरुवातीला सारांश आणि तारखांचा तक्ता. तक्ता तुम्ही स्वतः करून आणा, वकिलापेक्षा तुम्हाला तारखा जास्त आठवतात. मग पक्षकार : प्रतिवादी म्हणून राज्य सरकार आणि ज्याने काम करायचं तो नेमका अधिकारी. घटना थोडक्यात. कारणं, म्हणजे कोणत्या हक्काचा कसा भंग झाला. मग मागण्या. इथे ती पहिली ओळ परत येते. त्याखाली अंतरिम मागणी : अंतिम निकालापर्यंत घर पाडू नये, जागा भरू नये, प्रवेश तात्पुरता द्यावा. अंतरिम मागणी विसरलात तर शेवटी जिंकूनही हाती काही उरत नाही. शेवटी प्रतिज्ञापत्र. त्यात लिहिलेलं प्रत्येक वाक्य तुमचं आहे, वकिलाचं नाही. कामकाज इंग्रजीत चालतं, म्हणून सही करण्याआधी मराठीत वाचून घ्या. आधी केलेली तक्रार, आधीची हरलेली केस, आलेली नोटीस, काही लपवू नका. लपवलेलं उघडं पडलं तर न्यायालय गुणदोषात न जाताही याचिका फेटाळतं.

दाखल केल्यावर आधी स्टॅम्प नंबर, म्हणजे तात्पुरता क्रमांक मिळतो, ऑफिस ऑब्जेक्शन, म्हणजे कागदांतल्या त्रुटी निघतात, त्या दूर झाल्या की नोंदणी क्रमांक. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या सुनावण्यांच्या यादीत लागल्यावर 'नोटीस' म्हटलं तर प्रतिवादीला म्हणणं मांडायला बोलावलं. 'हमदस्त' म्हटलं तर ती नोटीस तुम्ही स्वतः नेऊन पोचवायची. हा शब्द आमच्या बोर्डावर अजून रोज ऐकू येतो. 'रूल' म्हटलं म्हणजे याचिका सविस्तर सुनावणीसाठी दाखल करून घेतली. 'डिस्पोज्ड ऑफ' ऐकून घाबरू नका, त्याआधी काय म्हटलं ते बघा, कारण तुम्हाला हवा तो आदेश देऊनही याचिका निकाली निघते.

पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक. उच्च न्यायालयातच विधी सेवा समितीचं कार्यालय आहे, तिथे अर्ज द्या.

साधं पत्रही पुरेसं ठरलं आहे. मे १९८२ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगात पंधरा बायकांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. ते पत्रच रिट याचिका मानलं गेलं, आणि स्त्रियांना वेगळ्या कोठडीत, महिला पोलिसांच्या देखरेखीखाली ठेवण्याचे निर्देश फेब्रुवारी १९८३ मध्ये निघाले. पण पत्रावर भिस्त ठेवू नका. आपल्या एकट्याच्या कामासाठी रीतसर याचिकाच करा.

जिंकलात तरी किती जिंकलात हे वाचून समजून घ्या. मुंबईच्या फुटपाथवरच्या माणसांच्या याचिकेत, ओल्गा टेलिस प्रकरणात, जुलै १९८५ मध्ये पाच न्यायमूर्तींनी उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात आहे असं ठरवलं. देशभरातले वकील आजही तो निकाल वाचून दाखवतात. त्या फुटपाथवरच्या माणसांना मात्र पावसाळा संपल्यावर महिनाभराची, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंतचीच मुदत मिळाली.

काकूंच्या याचिकेत आदेश झाला : आठ आठवड्यांत मंजुरी आणि थकबाकी. मी त्यांना साक्षांकित प्रत दिली आणि सांगितलं की ही पोस्टाने पाठवू नका, स्वतः जा. जाताना एका पानाचं पत्र जोडा, त्यावर आदेशाची तारीख आणि याचिका क्रमांक लिहा, दोन्ही कागदांवर आवक शिक्का घ्या. आठ आठवडे झाले आणि हालचाल नसेल तर अवमान याचिका, पण ती अवमान घडल्यापासून एका वर्षाच्या आत, त्यानंतर नाही. काकू दुसऱ्या दिवशी गेल्या. संध्याकाळी त्यांनी मला शिक्क्याचा फोटो पाठवला, खाली पेनाने स्वतः तारीख लिहिलेली, आणि त्याच्या शेजारी आठ आठवड्यांनंतरची दुसरी.